शब्द ख्रिस्ताचे, व्याकरण परिसराचे

कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्राला मिळते तेथे तिच्या एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई ही गावे वसली आहेत. रेवदंड्याभोवती पोर्तुगीज चौलची पडकी तटबंदी आहे, तर कोर्लईजवळ समुद्रात घुसलेल्या डोंगरावर त्यांचाच एक किल्ला उभा आहे. या किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या रोमन कॅथलिक ख्रिस्ती वस्तीची बोली हे भाषाशास्त्रज्ञांना पडलेले एक नवलच आहे. सुमारे हजारभर माणसे बोलतात ती ही बोली शब्दांनी पोर्तुगीज आहे. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. चौलवरील पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली आणि मुलूख मराठ्यांकडे आला, परंतु बोली मागे राहिली ती राहिलीच. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातून आढळते ते असे की, शब्द पोर्तुगीजच राहिले, पण वाक्याची घडण हळूहळू मराठीकडे झुकत गेली. क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. आपल्या बोलीत असा काही पालट झाला आहे याची बोलणाऱ्याला जाणीवही नसते. शब्द जागच्या जागी आहेत, तेव्हा सारे काही वाडवडिलांपासून आले तसेच आहे, असेच त्याला वाटत असते.

धर्माच्या बाबतीतही नेमके हेच घडते. प्रार्थनेचे शब्द, संतांची नावे, सणांचे दिवस हे सारे पिढ्यान् पिढ्या बदलत नाही. परंतु ज्या समाजात तो धर्म नांदतो त्या समाजाची घडण त्या शब्दांमागे येऊन बसते, आणि मग तेच शब्द निराळाच अर्थ सांगू लागतात. भाषेत असे झाले तर बिघडत नाही. एक नवी बोली जन्मास येते. धर्मात मात्र काय बदलले हे पाहावे लागते. रायगड जिल्ह्याचा हा किनारा त्या दृष्टीने मोठा बोलका आहे.

परिसराचा धर्मावर परिणाम होतो असे म्हटले की, बहुधा पोशाख, गाणी, जेवणखाण, लग्नातील हळद आणि मंगळसूत्र यांच्याकडे बोट दाखविण्यात येते. हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. बिगरयहुदी लोक ख्रिस्ताचे अनुयायी होऊ लागले तेव्हा त्यांनी सुंता करून घेतली पाहिजे काय, यहुदी आचार पाळले पाहिजेत काय, असा वाद पहिल्या शतकाच्या मध्यास जेरुसलेमात झाला आणि ती सक्ती करू नये असा निर्णय झाला. म्हणजे ख्रिस्ती होण्यासाठी आपली संस्कृती टाकून दुसऱ्याची अंगीकारण्याचे कारण नाही, हे त्या धर्माच्या पहिल्या पिढीनेच ठरवून टाकले होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली. यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे कसोटी हाती येते. ज्या लोकाचाराने माणसामाणसांत उच्चनीच ठरत नाही तो खुशाल राहावा. ज्याने ठरते तो राहिला तर धर्म विपरीत झाला.

बुरुजांना संतांची नावे

पोर्तुगिजांना बुऱ्हाण निजामशहाकडून चौल येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली ती १५२१ मध्ये. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये अहमदनगरच्या सैन्याकडून जिंकला. चौलमध्ये फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट या संघांचे मठ व चर्चे उभी राहिली. रेवदंड्याला आज ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा हा अशाच एका धर्मवास्तूचा अवशेष आहे. जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या इतिहासावर आणि अवशेषांवर पुस्तक लिहिले. कोर्लईच्या किल्ल्यातील बुरुजांना संतांची नावे दिलेली होती, ही गोष्ट त्या काळच्या वर्णनांतून दिसते. एका बुरुजावर तोफ आणि त्याच बुरुजाला संताचे नाव! बांधणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नसावे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील पोपच्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचा आश्रयदाता केले होते. बिशप कोण व्हावा हे सुचविण्याचा अधिकार राजाचा, आणि चर्चचा खर्च चालविण्याचे कर्तव्यही राजाचे. ‘पाद्रोआदो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत धर्मोपदेशक आणि राज्याचा नोकर यांच्यातील सीमारेषा पुसट झाली.

ख्रिस्ती धर्मावर परिसराचा पहिला विपरीत संस्कार या किनाऱ्यावर घडला तो हिंदू समाजाचा नव्हे, तर पोर्तुगीज दरबाराचा. याचा उल्लेख क्वचितच होतो, कारण युरोपची संस्कृती म्हणजेच ख्रिस्ती धर्म अशी समजूत युरोपियनांची होती आणि त्यांच्या टीकाकारांचीही होती. बाप्तिस्मा घेणारा माणूस कोकणातील लोकांच्या लेखी ‘फिरंगी’ होत असे. म्हणजे त्याने देव बदलला असे लोकांना वाटत नसे, राजा बदलला असे वाटत असे. आणि लोकांचे हे वाटणे फारसे चुकीचे नव्हते.

गोव्यात याचा कळस झाला. तेथे १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, मधली थोडी वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास साधार लिहून ठेवला आहे. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून ख्रिस्ती प्रजेने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्माविले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात तर निषिद्ध गोष्टींची लांबलचक यादीच आहे. अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, लग्नात विड्याची देवघेव करू नये, भात हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय शिजवू नये. भातातील मिठावरून माणसाची श्रद्धा जोखणाऱ्या या अधिकाऱ्यांना डोंगरावरील प्रवचन ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या लेखी सभ्य माणसाचे जेवण म्हणजे लिस्बनचे जेवण होते, आणि तेच त्यांनी धर्माच्या कलमात घातले.

या यादीत एक गोष्ट मात्र नव्हती. तुळस गेली, धोतर गेले, विडा गेला. जात गेली नाही. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डी, शुद्र हे भेद नव्या नावाने नव्हे तर जुन्याच नावाने चालू राहिले. चर्चमधील उत्सवांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘कोंफ्रारिया’ या मंडळ्याही जातीवार विभागल्या गेल्या. मिरवणुकीत कोणी कोणता झगा घालावा, उत्सवाचा मान कोणाकडे असावा, यावरून उठलेले तंटे तेथे दीर्घकाळ चालले. जाळायचे ते रक्षिले आणि रक्षिण्यासारखे ते जाळले, असेच या एकंदर कारभाराचे वर्णन करावे लागेल. आणि त्याचे कारणही उघड आहे. पोर्तुगीज समाज स्वतःच कुलीनता व रक्तशुद्धी मानणारा होता. युरोपात जन्मलेला, हिंदुस्थानात जन्मलेला, मिश्र रक्ताचा असे दर्जे त्यांच्यातही होते. उच्चनीचतेची ही पद्धत त्यांना परकी वाटली नाही, म्हणून ती त्यांच्या नजरेतही आली नाही.

सत्ता गेल्यावर

१७४० नंतर कोर्लईचे ख्रिस्ती सत्तेविना उरले. त्यांच्या पूर्वजांत पोर्तुगीज शिपायांची संतती होती आणि नोकरचाकरीच्या निमित्ताने धर्मांतरित झालेले स्थानिक लोकही होते. इतक्या लहान समाजाची भाषा दोनतीन पिढ्यांत विरून जायला हवी होती. ती का टिकली याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञ देतात ते विचार करण्यासारखे आहे. धर्म आणि जात या दोन भिंतींमुळे हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांशी त्यांचा बेटीव्यवहार होऊ शकला नाही; ते आपसातच लग्ने करीत राहिले, आणि बोली त्या कुंपणात जगली. म्हणजे ज्यांच्या धर्मात जात नाही असे सांगितले जाते, ते लोक या किनाऱ्यावर एक जात म्हणूनच टिकू शकले. यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. कोकणच्या खेड्यात जातीशिवाय दुसरी जागाच नव्हती. जो येई त्याला ती दिली जाई.

हे केवळ ख्रिस्ती लोकांचेच झाले असे नाही. अलिबाग-चौलच्या याच पट्ट्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. गलबत फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे हे लोक शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. एलिया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ ते गोड पोह्यांचा व खोबऱ्याचा मलिदा करतात. मलिदा हा शब्दही शेजारच्यांचा आणि पदार्थही येथल्याच मातीतला. त्याने त्यांच्या एकेश्वरनिष्ठेला बाध आला नाही. उलट परदेशांतील आपल्या धर्मबांधवांशी संबंध तुटलेला असता त्यांची श्रद्धा असल्याच घरगुती विधींनी जिवंत ठेवली. परंतु त्याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेदही होता. मिश्र विवाहाची संतती मानलेल्या ‘काळ्यां’शी ‘गोरे’ रोटीबेटी व्यवहार करीत नसत. हा भेद तोराहमधून आला नव्हता. तो आला शेजारच्या आळीतून, मलिद्याच्याच वाटेने.

दोन्ही गोष्टी एकाच वाटेने येतात, हीच खरी अडचण आहे. मलिदा ओळखू येतो. तो ताटात दिसतो. भेद दिसत नाही, कारण तो सगळ्यांच्याच घरी असतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी मदुरेला रॉबर्ट द नोबिली या इटालियन जेझुइटाने फिरंगीपणाचा हा शिक्का पुसण्याचा यत्न केला. त्याने संन्याशाची वस्त्रे घेतली, मांसाहार सोडला, संस्कृत व तमिळ भाषा आत्मसात केल्या. शेंडी, जानवे, चंदन ही सामाजिक चिन्हे आहेत, ती ठेवून ख्रिस्ती होता येते, असा त्याचा युक्तिवाद होता व १६२३ मध्ये पोपने तो मान्यही केला. त्याची विद्वत्ता आणि धाडस वादातीत आहे. पण ब्राह्मणांत राहायचे म्हणून त्याला खालच्या मानलेल्या जातींतील ख्रिस्ती लोकांपासून अंतर राखावे लागले, आणि पुढे त्या मिशनात वरच्यांसाठी एक व खालच्यांसाठी दुसरे अशा दोन प्रकारचे धर्मोपदेशक काम करू लागले. फिरंगीपणा सुटला, सोवळेपण चिकटले.

मराठीत याहून सरस उदाहरणे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना त्याची लेखणी अडखळली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी तेथील भगिनींना केला. त्या प्रश्नाने इंग्लिश मठात जी अस्वस्थता निर्माण झाली ती पाहिली म्हणजे आपला लोकाचार हाच धर्म मानण्याचा रोग केवळ पोर्तुगिजांचा नव्हता हे समजते. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग, भजन व कीर्तन चर्चमध्ये आणले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. आपल्याला ख्रिस्ताकडे आणले ते तुकोबांनी, असे ते मानीत. त्यांच्या गीतांनी मराठी ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेसाठी स्वतःची भाषा दिली.

पण टिळकांच्याच घरातील दुसरी कथा अधिक महत्त्वाची आहे, आणि ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त निर्भीडपणे सांगितली आहे. पती ख्रिस्ती झाल्यानंतर विटाळ-चांडाळाच्या कल्पना मनातून निघायला त्यांना किती झगडावे लागले, पाणी कोणाच्या हातचे घ्यावे हा प्रश्न धर्ममताच्या प्रश्नाहून किती अवघड होता, हे त्या कथेतून कळते. बाप्तिस्म्याला ओंजळभर पाणी लागते. विहिरीवरचे पाणी ही निराळी परीक्षा आहे. याच जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे धर्मांतराचा विचार करताना त्यांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची स्थिती बारकाईने तपासली. धर्मांतरानेही त्यांच्या कपाळीची जात गेली नाही, आणि मिशनऱ्यांनी ती घालविण्याचा पुरेसा आग्रह धरला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो शत्रूचा आक्षेप नव्हता. दारापर्यंत येऊन आत डोकावलेल्या माणसाचा तो होता.

कोणती संस्कृती?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाव दिला. कोर्लईतही त्यानंतर चर्चमध्ये मराठी आली. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी सुचविलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. त्यांत आरती, हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसून उपासना यांचा समावेश होता. काही कॅथलिकांनी यावर ओरड केली की, हे हिंदूकरण आहे. हा आक्षेप गोव्याच्या जाहीरनाम्याचाच वारस असल्याने त्यावर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

खरा आक्षेप दुसऱ्या बाजूने आला. अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानात विचारले की, भारतीय ख्रिस्ती धर्मविचार म्हणून जे मांडले जाते त्यात भारत कोणाचा आहे? वेदान्त, संन्यास, संस्कृत हीच भारतीय संस्कृती मानली, तर ज्यांना त्या संस्कृतीने गावकुसाबाहेर ठेवले आणि चर्चमध्ये ज्यांची संख्या मोठी आहे, त्यांच्या वाट्याला काय आले? दलित धर्मविचाराचा प्रारंभ पुष्कळदा या व्याख्यानापासून मानला जातो. आरती ओवाळणे चूक नव्हे. पण आरती आणली आणि पाणवठ्याचा प्रश्न बाहेरच ठेवला, तर देशीकरणाच्या नावाखाली वरच्या वर्गाचा लोकाचार तेवढा पवित्र ठरतो. सोळाव्या शतकात लिस्बनचे झाले तेच.

आजच्या परिसराविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आता परिसर म्हणजे केवळ गाव नाही; बाजारही आहे. विश्वास ठेवा आणि धन मिळवा, अशी शिकवण अमेरिकेतून दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचली आहे, आणि काही चंगाई सभांतून तीच मराठीत ऐकू येते. लाकूडकाम करणाऱ्याच्या घरी वाढलेल्या येशूला भरभराटीचा हमीदार करणे ही संतांची नावे बुरुजाला देण्याइतकीच जुनी युक्ती आहे. हुंड्याची देवघेव आणि ऐपतीबाहेरची लग्ने ही ख्रिस्ती घरांतही धर्मगुरूंच्या डोळ्यांदेखत होतात. त्यापुढे उंबराच्या पाण्याच्या किंवा हळदीच्या विधीला नावे ठेवणे म्हणजे गोव्यातील अधिकाऱ्यांसारखे भातातील मीठ मोजत बसणे होय.

जातीचा प्रश्न मात्र आता राज्यकारभाराच्या पातळीवर येऊन ठेपला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित त्याबाहेर राहिले. त्यामागचे गृहीत असे की, या धर्मांत जात नाही. धर्मोपदेशक व्यासपीठावरून शतकभर हेच सांगत आले होते, त्यामुळे सरकारला दोष देणे चर्चला सोपे गेले नाही. २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमून धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा प्रश्न तपासासाठी सोपविला. आपल्याच माणसांना न्याय मिळवून द्यायचा तर अशा चौकशीपुढे चर्चला सांगावे लागते ते हे की, आमच्या बाकांवर, आमच्या दफनभूमीत आणि आमच्या लग्नसंबंधांत जात आहे.